चिंचेच्या विहिरीचं पाणी

डाळ शिजली आणि सुमनबाई घाबरली.

आता डाळ शिजली म्हणून कुणी घाबरतं का, असं तुम्ही म्हणाल. पुरण घालणारी बाई चुलीपुढं बसून डाळ शिजायचीच तर वाट बघत असते. पण सुमनबाईनं पळीवर घेतलेला हरभऱ्याच्या डाळीचा दाणा दोन बोटांत दाबला, तो लोण्यासारखा पसरला, आणि तिचा हात तसाच वर राहिला. दुसरा दाणा दाबला. तोही तसाच. पातेलं चढवून पुरता तास झाला नव्हता. पापडखार टाकला नव्हता, सोडा टाकला नव्हता, डाळ रात्री भिजत घातली नव्हती. पाणी होतं चिंचेच्या विहिरीचं. आणि चिंचेच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे सुमनबाईला स्वतःच्या नावासारखं ठाऊक होतं.

सुमनबाई आणि तिचा नवरा ज्ञानोबा, दोघंही याच गावच्या बौद्धवस्तीतले. जळकोटपासून कच्च्या रस्त्यानं दोन कोस आत गाव. ज्ञानोबा लढाईच्या वक्ताला पलटणीत गेला, परत आला तो गावात टिकला नाही. बोटीत बसून विलायतेला गेला आणि वुल्व्हरहॅम्प्टन नावाच्या, इथं कुणाला धड म्हणताही न येणाऱ्या गावात लोखंडाच्या ओतशाळेत तीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिला. सुमनबाई मागनं गेली. एक लेक झाली, उज्वला, ती तिथंच नर्स लागली, तिथंच तिचं लग्न झालं. पासष्टी झाली तशी कारखान्यानं ज्ञानोबाला घड्याळ दिलं, हात हलवला आणि घरी धाडलं.

तिथं त्याच्या जोडीचे सगळे म्हातारे रविवारी विहाराच्या हॉलमध्ये जमायचे. वंदना झाली, चहा आला की विषय एकच, पैसा कुठं गुंतवायचा. कुणी दुसरं घर घेऊन भाड्यानं दिलं होतं, कुणी शेअर घेतले होते, कुणाचा पैसा जावयाच्या दुकानात अडकला होता. आणि गंमत बघा, ज्याचा पैसा जास्त भक्कम जागी, तोच जास्त कुरकुरायचा. थंडीवर, गुडघ्यावर, सुनेवर. ज्ञानोबा तेवढा एकटा खुशीत. "तुमी बसा व्याज खात," तो म्हणायचा, "म्या आपला हिरीचं पाणी पिणार."

ती विहीर म्हणजे ही चिंचेची. गावातली बडी असामी म्हणजे बब्रुवान आण्णा, त्यांच्या अकरा एकरांच्या तुकड्यात, बांधावरच्या चिंचेखाली. ज्ञानोबा आणि सुमनबाई लहान असताना वस्तीच्या माणसानं त्या विहिरीच्या पायरीवर पाऊल ठेवायचं नव्हतं. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं. आण्णांच्या घरचं कुणी आलंच तर वरनं ओतायचं, नाही आलं तर दुपार जायची. सुमनबाईच्या आईनं जन्मभर तसलंच पाणी आणलं. ज्ञानोबाच्या बापानं एकदा तहानेनं पायरी उतरली, तर चिंचेच्याच फोकानं त्याची पाठ सोलली. ज्ञानोबा तेव्हा आठ वर्षांचा. ती पाठ त्यानं बघितली होती, आणि तिथं भट्टीपुढं उभं राहून तीस वर्षं तीच बघत होता.

तर गेल्या दिवाळीला सुमनबाईच्या धाकट्या भावाचं, बाबूचं पत्र गेलं. आण्णांना साखर कारखान्याच्या संचालकपदाला उभं राहायचंय, पैका लागतोय, चिंचेचा तुकडा विहिरीसकट काढायला तयार आहेत. ज्ञानोबानं पत्र चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा वाचताना रडला. उज्वला म्हणाली, पप्पा, जरा थांबा, चौकशी करा. कुणाचं ऐकतोय! त्यानं राहतं घर विकलं, पेट्या लेकीच्या जिन्याखाली ठेवल्या, घराचे आणि रिटायर झाल्याचे सगळे पैसे बँकेत इकडं वळवले. त्याच्याकडं विलायतेचा पासपोर्ट, म्हणून त्याला शेती घेता येईना. सुमनबाईनं मात्र आपला हिंदुस्थानचा पासपोर्ट कधी सोडला नव्हता, आणि बापाच्या इनामी तुकड्यात तिचं नाव होतं, म्हणजे कागदावर ती शेतकरी होती. म्हणून खरेदीखत तिच्या नावानं व्हायचं होतं. परवा शुक्रवारी, तुळजापूरला.

सन शहाऐंशीचा मे महिना. सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता. शिवारातल्या विहिरींचे तळ दिसत होते, बोअरमधनं नुसती हवा येत होती. आणि काल आण्णांनी विहीर दाखवायला नेलं तर काय, चिंचेच्या विहिरीत दोन पुरुष पाणी! निळंशार! ज्ञानोबा काठावर उभा राहिला, बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एकेक पायरी उतरला. शेवटच्या पायरीवर बसून त्यानं पाण्यात पाय सोडले, पोरासारखे हलवले. वर आण्णा हसत उभे. "ज्ञानोबाराव, दुष्काळात बी आटली न्हाय बगा आपली हीर." ज्ञानोबाराव! ह्याच तोंडानं एकेकाळी ज्ञान्या म्हणायचे.

रिवाज असा की सौदा ठरला की घेणाऱ्याच्या घरी देणाऱ्यानं गोडाचं जेवायचं. आण्णा म्हणाले, येतो, उद्या दुपारी वस्तीत जेवायला येतो. ज्ञानोबाला जमिनीपेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला. "सुमन, पुरण घाल. अन् पाणी आपल्याच हिरीचं." म्हणून आज सकाळी सुमनबाई स्वतः घागर घेऊन गेली, स्वतःच्या पायांनी उतरली, स्वतःच्या हातांनी भरून आणली. येताना वस्तीच्या तोंडाशी बायका रिकाम्या घागरी मांडून बसलेल्या. त्यांतली सरुबाई म्हणाली, "आक्का, पाच दिस झाले, टँकर न्हाय आला. वढ्यात झिरा उकरून वाटीवाटीनं पानी भरतोय." सुमनबाईनं हळहळून मान हलवली आणि पुढं गेली. तिच्या डोक्यात तेव्हा पुरण होतं.

आता त्याच पाण्यात डाळ शिजून मऊ झाली होती आणि सुमनबाई चुलीपुढं पळी धरून बसली होती.

तिला आई आठवत होती. आई डाळ रात्री भिजवायची, सकाळी चुलीवर ठेवायची, खार टाकायची, तरी सांजच्याला दाणा दाताखाली कचकच वाजायचा. "जड पानी हाय बाई," आई म्हणायची, "आपल्या वाट्याला हेच." आण्णांच्या घरी परसात आड होता, गोड पाण्याचा. त्यांनी चिंचेचं पाणी कधी चुलीवर ठेवलंच नव्हतं. बैलांना पाजलं, मळ्याला दिलं आणि वस्तीला वाढलं. त्या पाण्याची चव आण्णांना माहीत असायचं कारणच नव्हतं. ती माहीत होती फक्त वस्तीतल्या बायकांना.

मग हे पाणी कुठलं?

तिनं ओंजळीत घागरीतलं पाणी घेतलं आणि प्यायली. गोड. जिभेवर खाराचा मागमूस नाही. कुठल्या तरी तळ्याचं, नदीचं पाणी. राहतं घर गेलेलं. पेट्या लेकीच्या जिन्याखाली. परवा सही केली की उरलेलं आयुष्य कोरड्या खड्ड्यात. आणि ज्ञानोबा अंगणात नवीन घोंगडी झटकत होता आणि पलटणीतलं कसलंसं गाणं गुणगुणत होता. लग्नाला चाळीस वर्षं झाली, तिनं त्याला गाताना कधी ऐकलं नव्हतं.

"बाबू," तिनं मागच्या दारात जाऊन भावाला हाक मारली. "हिकडं ये जरा."

बाबू सोसायटीत शिपाई. सोसायटीचे चेअरमन आण्णाच. अकरा वर्षं टेंपरवारी, आज कायम करतो, उद्या कायम करतो, असं चाललेलं. तो आला, बहिणीचं तोंड बघितलं आणि तिनं काही विचारायच्या आधीच त्याची नजर खाली गेली. इथंच सुमनबाईला सगळं कळलं. पण माणसाचं मन असं चिवट असतं, तरीही वाटत राहतं, न्हाय म्हणंल.

"हिरीत कुणी पानी टाकलं रे?"

"कुनाचं पानी? आक्का, तू बी काय..."

"आईच्या हातची डाळ आठवती का तुला? ही बग." तिनं पळी त्याच्यापुढं धरली.

बाबूनं दाणा दाबला. बराच वेळ दाबत राहिला. मग उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"पाच राती," तो पुटपुटला. "रोज दोन-तीन खेपा. वस्तीचा टँकर, वरच्या तांड्याचा टँकर, सगळा तिकडं वळवला. म्या कंदील धरून हुबा व्हतो, आक्का. सौदा झाला की शिपायाची जागा कायम, असं आण्णा म्हनले."

"अन् तुझे दाजी? त्यांचं सगळं जातंय की रे!"

"दाजींना तिकडली पेन्शन हाय. तुमी इमानात बसून जाल. मला हितंच ऱ्हायाचंय." बाबू आणखी हळू बोलायला लागला. "तू तोंड उघडलंस तर आण्णा मला गावात नांदू देनार न्हाईत. आक्का, तुझ्या पाया पडतो. तुला म्हायेर म्हनून येवढं येकच दार हाय."

तो खरंच पाया पडला. चांगला पन्नाशीचा माणूस! सुमनबाईला त्याचा राग यायला हवा होता. राग आला नाही, भीतीच आली. बोलावं तर भाऊ जातो, न बोलावं तर नवरा. आणि नवऱ्याला सांगायचं तरी कसं? तो अंगणात गातोय. तीन वर्षांमागं छातीत कळ येऊन दवाखान्यात महिनाभर पडलेला माणूस. ही बातमी त्याला सोसली नाही तर? या वस्तीत, या उन्हात, दवाखाना गाठायचा म्हणजे उमरग्यापर्यंत जीपगाडी शोधायची.

तिनं पुरण वाटलं. हात आपोआप चालत होते. पोळ्या लाटल्या, भाजल्या. एकही फुटली नाही. इतकं मऊ पुरण तिनं या वस्तीत कधी घातलं नव्हतं.

आण्णा आले. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, अत्तराचा वास. वस्तीतली माणसं दाराबाहेर गोळा झाली, बघायला. ज्ञानोबानं टाय बांधला होता, एवढ्या उन्हात! घोंगडीवर दोघं शेजारी बसले, ताटं मांडली. बाबू पाण्याचा तांब्या घेऊन खांबाजवळ उभा. सुमनबाईनं वाढलं.

आण्णांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वा! सुमनबाई, काय पुरन झालंय! लोण्यावानी!"

"पानी आपल्याच हिरीचं हाय, आण्णा," ज्ञानोबा म्हणाला. त्याचं तोंड उजळून निघालं होतं. सुमनबाईला ते बघवेना.

"मग! चिंचेच्या हिरीचं पानी म्हंजे अमृत. आमच्या आईनं जलमभर पुरन ह्याच पान्यात शिजवलं."

सुमनबाई तुपाची वाटी घेऊन दारात उभी होती. बाबू तिच्याकडं बघत होता, डोळ्यांनी हात जोडत होता. गप बस, तिनं स्वतःला बजावलं. तूप वाढ आणि आत जा. पण 'आमच्या आईनं' हे शब्द ऐकले आणि तिला आपली आई दिसली, चुलीपुढं, फुंकून फुंकून डोळे लाल झालेली, कच्ची डाळ पोरांच्या ताटात वाढताना मान वर न करणारी. ह्या माणसानं तेवढंही ठेवलं नव्हतं. ते पाणीसुद्धा आपल्या आईचं म्हणून सांगत होता.

"न्हाय आण्णा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिलाच तो दुसऱ्या कुणाचा वाटला. "तुमच्या घरात आडाच्या पान्यात शिजायचं. चिंचेचं आमाला वाढायचात. वरनं."

आण्णांचा हात ताटावर थांबला.

"माझ्या आईनं तीस वर्सं त्या पान्यात डाळ शिजवली, आण्णा. कधी शिजली न्हाय. खार टाकून शिजली न्हाय. आज तासाभरात शिजली." वाटीतलं तूप तिच्या हातावर सांडत होतं, तिला कळत नव्हतं. "मला कुनी काय सांगितलं न्हाय. डाळीनंच सांगितलं."

दाराबाहेरच्या म्हाताऱ्या बायांना सगळ्यांत आधी कळलं. त्यांतल्या भिमाबाईनं पदर तोंडावर धरला. मग सुमनबाईनं हिंमत करून नवऱ्याकडं बघितलं. तो ताटातल्या पोळीकडं बघत होता. त्यानं पोळीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि सावकाश चावला, दाढेखाली काही शोधत असल्यासारखा. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. त्याचा हात छातीकडं गेला. पण हात टायच्या गाठीवर थांबला, गाठ त्यानं सैल केली, टाय काढून घडी करून शेजारी ठेवला.

"कचकच लागत न्हाय," तो म्हणाला. "आमच्या लहानपनी लागायची."

"ज्ञानोबाराव, बायकांच्या बोलन्यावर..."

"आण्णा, सौदा मोडत न्हाय म्या." ज्ञानोबाचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाची सुमनबाईला जास्त धास्ती वाटली. "इंजिन लावा. हीर पार तळापतोर उपसा. मग तळातनं जे पानी वर यील, त्यात सुमन डाळ टाकंल. डाळ शिजली न्हाय, तर परवा तुळजापूरला सही. शिजली, किंवा टाकायला पानीच न्हाय आलं, तर तुमी तुमच्या घरी, आमी आमच्या."

आण्णा ताटावरनं उठले. हात धुवायला बाबूनं तांब्या पुढं केला, तो त्यांनी बघितलाच नाही. दारातनं जाताना मात्र थांबले. "बाबू, उद्यापासनं सोसायटीत यायचं कारन न्हाय," ते म्हणाले. "अन् हितं किती दिस राहतोस ते बगतो." गर्दीनं त्यांना वाट करून दिली.

सुमनबाई मटकन खाली बसली. भाऊ तर गेलाच. बाबू खांबाला टेकून घसरत खाली बसला होता. ज्ञानोबा तसाच घोंगडीवर, पुढं अर्धं ताट. तीस वर्षांची भट्टी, विकलेलं घर, सगळ्याचा हिशेब त्याच्या तोंडावर दिसत होता, आणि सुमनबाईला वाटत होतं, आता हा माणूस कोसळंल. ती सरकत त्याच्याजवळ गेली. "अवो," ती म्हणाली, "म्या बोलाय नको व्हतं का?"

त्यानं ताट बाजूला सारलं. मग विचारलं, "कुठलं पानी हाय ते?"

सुमनबाईनं मान खाली घातली. सांगायचं तर भावाचं नाव येणार. आणि तेव्हा खांबाजवळनं बाबू बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वस्तीचं. तुमचं समद्यांचं. पाच दिसाचे टँकर हिरीत ओतलेत. म्या कंदील धरला व्हता."

बाहेर एकदम कालवा उठला. कुणी शिव्या घातल्या, कुणाची तरी चप्पल येऊन बाबूच्या खांद्यावर लागली. तो तसाच बसून राहिला. मग गलका थांबला, आणि तो थांबला तेच वाईट होतं. सगळ्यांच्या मनात एकच आलं होतं आणि कुणी बोलेना. पाणी आपलं होतं. विहीर आण्णांची होती. बायकांनी एकमेकींकडं बघितलं आणि नजरा पायांकडं नेल्या. सरुबाई म्हणाली, "उद्या तालुक्याला अर्ज देऊ." उद्या! तिच्या कडेवरच्या नातवाचे ओठ फुटले होते.

सुमनबाई उठली. सकाळी ती त्या विहिरीत उतरली होती ती मालकीण व्हायची म्हणून, आण्णांच्या परवानगीनं. आता परवानगी नव्हती. आण्णांचे गडी बांधावर असतील. चिंचेचे फोक अजून तसेच खाली लोंबत असतील. ज्ञानोबाच्या बापाची पाठ तिनं बघितली नव्हती, पण चाळीस वर्षं ऐकली होती. ती स्वयंपाकघरात गेली, स्वयंपाकात रिकामी झालेली घागर कडेवर घेतली आणि अंगणातनं चालायला लागली.

"कुठं निघालीस?" ज्ञानोबानं विचारलं.

"पान्याला."

तो उठला. अनवाणीच तिच्या मागनं निघाला. मग सरुबाईनं कडेवरच्या नातवाला सावरत घागर उचलली. मग भिमाबाईनं. मागं किती जणी येतायत ते वळून बघायची सुमनबाईला छाती झाली नाही. नुसत्या रिकाम्या भांड्यांचा आवाज येत होता. ऊन उतरणीला लागलं होतं. बांधावर दोन गडी उभे होते. एक जण वळला आणि आण्णांच्या घराकडं पळत सुटला. दुसरा काठी घेऊन विहिरीच्या पायऱ्या अडवून उभा राहिला. तरणा पोरगा होता, आणि तोही भ्यालेला दिसत होता.

सुमनबाई पहिल्या पायरीशी थांबली. पुढं पाऊल पडेना. खरं सांगायचं तर तिला तिथंच बसकण मारावीशी वाटत होती.

तेवढ्यात मागनं कुणीतरी धापा टाकत गर्दीतनं वाट काढत आलं. बाबू होता. एका हातात सोसायटीच्या आडावरचा लांब दोर, दुसऱ्या हातात पोहरा. काठीवाल्या पोराकडं त्यानं बघितलं नाही. पायरीच्या बाजूलाच काठावर बसला, दोराला गाठ मारायला लागला, गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा सुमनबाईनं खाली वाकून दोर धरला, त्यानं गाठ आवळली.

"आक्का," तो खाली बघतच म्हणाला, "आधी सरुबाईच्या नातवाला पाज."

तिनं पोहरा सोडला. पाणी फार खोल नव्हतं.